कुरव परतले की बदकं निघतात

हात खिशातून काढू नका, बोटं गोठतील. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समधल्या ब्लॅकवॉटर खाडीच्या काठी तुम्ही घोट्यापर्यंत चिखलात रुतलेले आहात. १८८० च्या दशकातला जानेवारी, संध्याकाळ. चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास मारतोय, भिजलेला लोकरी कोट खांदे ओढतोय. पोटरीला चिकटलेल्या कुत्र्याची तेवढी ऊब आहे. शेजारचा म्हातारा शिकारी बंदुकीवर हात ठेवून आकाश वाचतोय. त्याच्याकडे घड्याळ नाही. लागतही नाही.

"ते बघा, कुरव."

दिवसभर नांगरामागून किडे टिपत हिंडलेले कुरव शेतांकडून समुद्राकडे निघालेत. रांगांमागून रांगा, निवांत. रात्र ते पाण्यावर काढणार. म्हातारा बंदूक उचलत नाही, पण शेवटची रांग जाईपर्यंत नजरही हटवत नाही. असं निरीक्षण शिकावं ते पक्ष्यांवर पोट असलेल्या माणसाकडूनच.

मग शीळ येते. व्हीऽऽऊ! विजन बदकांचे नर. ही जात हिवाळ्यात आपल्या जायकवाडीवरही येते. दिवसभर उघड्या पाण्यावर डुलक्या काढून बदकं आता चरायला किनाऱ्याकडे निघालीत, कुरवांच्या बरोबर उलट्या वाटेनं. सोसाट्याच्या वाऱ्यामुळे खालून उडताहेत. हवा पडलेली असती तर टप्प्यात आलीच नसती.

"मान खाली! अंधारातही चेहरा चमकतो."

डोक्यावरून पंखांचा सर्रर्र आवाज जातो. धडाम! कान बधिर, घशात गंधकाचा धूर. कुत्रा पाण्यात झेपावतो आणि एक नर आणून तुमच्या हातात देतो. अंग अजून उबदार आहे. तांबूस डोकं, कपाळावर फिकट पिवळा पट्टा, निळसर चोचीवरून ओघळणारं पाणी. उद्या तो रेल्वेनं लंडनला, लेडनहॉल बाजारात जाईल.

दूर चिखलावर घोगरा कालवा उठतो.

"ब्रेंट हंस. त्यांचा हिशेब भरती-ओहोटीचा. ओहोटीला समुद्रगवत खातात. आता भरती चढतेय, म्हणून उठले."

चढतेय खरी. पाणी तुमच्या गुडघ्याला लागलंय.

"निघा," म्हातारा पिशवी खांद्यावर टाकतो. "उद्या बदकं याच वेळेला येतील. हंस मात्र पाऊण-एक तास उशिरा उठतील, भरती रोज तेवढी पुढे जाते. दोन्ही बघायचं तर पाव जास्त बांधून आणा."