बंदूक, डॉक्टर आणि अमेरिकी कायद्यातलं एक वाक्य

गेल्या महिन्यात एक आजी-आजोबा क्लिनिकमध्ये आले होते. सहा महिन्यांसाठी मुलीकडे अमेरिकेला निघाले होते. बीपी-शुगरच्या गोळ्या, विमानतळावर दाखवायला चिठ्ठी, इन्शुरन्सचा फॉर्म, सगळं झालं. उठता उठता आजी म्हणाल्या, "नात दुसरीत आहे. शाळेत दिवे घालवून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करून घेतात म्हणे, कुणी बंदूक घेऊन घुसला तर म्हणून. डॉक्टर, तिथे एवढे मोठमोठे डॉक्टर, एवढं संशोधन, मग कुणी काही बोलत कसं नाही?"

बोलतात हो. पण तीस वर्षांपूर्वी ते बोलले तेव्हा त्यांचं तोंड कसं बंद झालं आणि पुन्हा उघडायला किती वर्षं लागली, ही गोष्ट मोठी आहे. बाहेर बारा पेशंट बसले होते, तेव्हा सांगता आली नाही. आज सांगतो.

आधी थोडं आजाराबद्दल. हो, आजारच म्हणतो मी. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. बातम्यांत आपल्याला शाळेतले आणि मॉलमधले गोळीबार दिसतात, पण या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. २०२० पासून १ ते १९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, अपघातांनाही मागे टाकून. आत्महत्येच्या बाबतीत आपल्याकडच्या डॉक्टरांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. निराशेची ती लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर माणूस वाचतो की जातो हे ठरतं. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली आणि आत्महत्यांचं प्रमाण खूप खाली आलं. विष घेतलेल्या कितीतरी जणांना आपण वाचवतो. बंदूक दुसरी संधी क्वचितच देते.

१९८०च्या दशकात आर्थर केलरमन या इमर्जन्सीच्या डॉक्टरने एक साधा प्रश्न विचारला: घरात बंदूक ठेवली तर घर जास्त सुरक्षित होतं का? आपण जसं विचारतो, तंबाखू खाणाऱ्याला तोंडाचा कॅन्सर किती जास्त, तसाच हा प्रश्न. तीन काउंटींमध्ये घरात खून झालेल्या माणसांची माहिती त्यांच्या गटाने जमवली आणि प्रत्येकाच्या जोडीला त्याच भागातला, त्याच वयाचा आणि वंशाचा, खून न झालेला माणूस घेतला. अशा ३८८ जोड्या. १९९३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये उत्तर छापून आलं: बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता सुमारे पावणेतीनपट. त्याच्या आदल्या वर्षी आत्महत्येवरचा त्यांचा अभ्यास आला होता, त्यात ती जवळपास पाचपट होती.

या अभ्यासावर रास्त शंकाही घेता येते. ज्याला आधीच धोका वाटतो तोच बंदूक विकत घेत नसेल कशावरून? म्हणजे बंदुकीमुळे धोका की धोक्यामुळे बंदूक? शंका चांगली आहे आणि विज्ञानात तिचं उत्तर एकच असतं: अजून अभ्यास करा. झालं मात्र उलटंच.

या अभ्यासाला पैसे दिले होते सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने. तिथल्या इजा-प्रतिबंध विभागाचे प्रमुख डॉ. मार्क रोझेनबर्ग यांचं म्हणणं होतं की मोटारींच्या बाबतीत जमलं ते इथेही जमेल. १९६६ मध्ये अमेरिकेने रस्तासुरक्षेचा विभाग काढला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे डॉक्टरच होते. अपघात मोजले, गाड्यांची रचना बदलली, सीटबेल्ट आले, रस्ते सुधारले. मृत्यू कमी झाले आणि एकाही माणसाची गाडी काढून घेतली गेली नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, १८७१ साली नेमबाजी सुधारण्यासाठी निघालेली संस्था. राजकारणासाठीची तिची वेगळी शाखा १९७५ची. कंपनीने आपल्या तिजोरीतून थेट उमेदवाराला पैसे देण्यावर अमेरिकेत १९०७ पासून बंदी आहे. म्हणून पॅक नावाची समिती काढायची, लोकांकडून वर्गणी जमवायची आणि ती उमेदवाराला द्यायची. तिथेही एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलरची मर्यादा. पण उमेदवाराशी संगनमत न करता स्वतंत्रपणे जाहिराती केल्या तर मर्यादा नाही. २०१६च्या निवडणुकीत एनआरएने अशा खर्चावर ५ कोटी डॉलरहून जास्त घातले. पैसा येतो कसा याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. मिडवेयूएसए नावाचं काडतुसं आणि नेमबाजीचं सामान विकणारं एक दुकान १९९२ पासून गिऱ्हाइकाला विचारतं, बिल पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत वाढवू का? वरचे सुटे पैसे एनआरएच्या खात्यात.

पण पैशाने खासदार विकत घेतले, एवढंच म्हणून थांबलो तर निदान अर्धं राहील. एनआरए प्रत्येक उमेदवाराला शाळेसारखी ए ते एफ अशी श्रेणी देते. सभासदांना ती कळवली जाते आणि सभासद फोन करतात, पत्रं लिहितात, मतदानाला जातात. १९९४ मध्ये काही लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी आली. दोनच महिन्यांत निवडणूक झाली आणि क्लिंटन यांच्या पक्षाने कनिष्ठ सभागृह गमावलं, खुद्द सभापती टॉम फोली पडले. या पराभवात एनआरएचा मोठा हात आहे, असं क्लिंटन स्वतः म्हणाले. पाच हजार डॉलरच्या चेकपेक्षा मतदारसंघातून आलेल्या पाचशे फोनांना खासदार जास्त घाबरतो. हे एनआरएला डॉक्टरांच्या कितीतरी आधी कळलं होतं.

१९९६ मध्ये सीडीसीचा तो विभागच बंद करण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. मग आर्कान्सॉचे खासदार जे डिकी पुढे आले. संसदेत एनआरएची बाजू मांडणारा माणूस मीच, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी अंदाजपत्रकाच्या कायद्यात एक वाक्य घालून घेतलं. इजा-प्रतिबंधासाठी सीडीसीला दिलेला पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही, अशा अर्थाचं. नीट वाचा, त्यात संशोधनावर बंदी नाही. पण त्याच वर्षी सीडीसीचे २६ लाख डॉलर कापले गेले, बरोबर तेवढेच जेवढे आदल्या वर्षी बंदुकीच्या इजांवर खर्च झाले होते. पैसे नंतर परत मिळाले, पण मेंदूच्या इजांसाठी बांधून. एवढा इशारा पुरला. प्रचार कुठे सुरू होतो हे कुणालाच सांगता येईना, म्हणून अधिकाऱ्यांनी विषयच सोडला आणि तरुण संशोधक दुसरीकडे वळले. १९९९ मध्ये रोझेनबर्ग यांनाही पद सोडावं लागलं. सरकारी नोकरीत राहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. लेखी बंदी नसली की भीती जास्त वाटते.

२०११ मध्ये फ्लोरिडाने आणखी पुढची पायरी गाठली. वैद्यकीय कारण नसताना पेशंटला "घरात बंदूक आहे का?" विचारणाऱ्या डॉक्टरला १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि परवान्यावर कारवाई. लहान मुलांचे डॉक्टर हा प्रश्न, आपण घरात रॉकेलची बाटली खाली ठेवता का असं विचारतो, तसा विचारत. डॉक्टर कोर्टात गेले आणि हा भाग रद्द व्हायला २०१७ उजाडलं. डॉ. विवेक मूर्ती यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, मूळ कर्नाटकातलं कुटुंब. बंदुका हा आरोग्याचा प्रश्न आहे, असं त्यांनी २०१२ मध्ये ट्विटरवर लिहिलं होतं. सर्जन जनरल म्हणून त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा एनआरएने त्याचाच मुद्दा केला आणि नेमणूक वर्षभर अडकली.

आता या गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग. डिकी आणि रोझेनबर्ग समितीसमोर एकमेकांचे वैरी म्हणून उभे राहिले होते. एकदा सुनावणीनंतर दोघे डिकींच्या ऑफिसात बसले आणि मुलाबाळांबद्दल बोलू लागले. हळूहळू मैत्री झाली. डिकी २००० साली निवडणूक हरले, पण मैत्री टिकली. जुलै २०१२ मध्ये ऑरोराच्या सिनेमागृहात १२ जण मारले गेले, त्यानंतर या दोघांनी मिळून 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहिला: संशोधन व्हायला हवं आणि बंदूक बाळगणाऱ्यांचे हक्क शाबूत ठेवूनही ते होऊ शकतं. पुढे डिकींनी खासदार माइक थॉम्पसन यांना याच अर्थाचं पत्र लिहिलं, आपल्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलमाच्या परिणामाविरुद्ध. ते पत्र २ डिसेंबर २०१५ रोजी जाहीर झालं. त्याच सकाळी दोन हजारांहून जास्त डॉक्टरांच्या सह्यांचं निवेदन घेऊन डॉक्टरांचा एक गट संसदेत पोहोचला होता. काही तासांतच कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो इथे १४ जणांना गोळ्या घातल्याची बातमी आली.

निवेदनाने लगेच काही झालं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एनआरएने डॉक्टरांना ट्विटरवरून सुनावलं की आपल्या लेनमध्ये राहा. त्यावर अपघात विभागांतले सर्जन, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, नर्स यांनी रक्ताळलेल्या गाऊनचे आणि रिकाम्या प्रतीक्षागृहाचे फोटो टाकले आणि लिहिलं की आमची लेन हीच आहे. त्यांतले एक डॉ. जोसेफ सॅकरन. सतराव्या वर्षी त्यांना स्वतःला गळ्यात गोळी लागली होती. जीव वाचवणारे सर्जन पाहून ते सर्जन झाले.

इथे आमच्या बिरादरीबद्दलची एक लाजिरवाणी गोष्टही सांगायला हवी. २०१९ मध्ये एका अभ्यासात डॉक्टरांच्या संघटनांच्या २५ सर्वांत मोठ्या पॅकनी निवडणुकीत कुणाला पैसे दिले ते तपासलं गेलं. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासावी, या मागणीला ज्यांचा पाठिंबा नव्हता, अशा उमेदवारांकडे बहुतेक पॅकचा पैसा जास्त गेला होता. अनेक संघटनांनी त्या मागणीच्या बाजूने जाहीर सही केली होती, तरीही. का? माझा अंदाज असा की देणगी ठरवताना मेडिकेअरचे दर आणि डॉक्टरांवरचे खटले हेच विषय टेबलावर होते, बंदूक कुणाच्या डोक्यातच नसेल. एका हाताने निवेदन, दुसऱ्या हाताने चेक. आपण आपल्या संघटनेला वर्गणी देतो, तिचं पुढे काय होतं हे आपल्यापैकी किती जण विचारतात? मीही विचारत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये, वीसहून अधिक वर्षांनी, संसदेने बंदुकीच्या इजांवरील संशोधनासाठी अडीच कोटी डॉलर मंजूर केले, सीडीसी आणि राष्ट्रीय आरोग्य संस्थेला मिळून. देशाच्या मानाने रक्कम किरकोळच. पण मधल्या काळात पारडं हललं होतं. २०१८च्या फेब्रुवारीत पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेले, मुलं रस्त्यावर आली आणि बंदूक-नियंत्रण मागणाऱ्यांनीही एनआरएचीच रीत उचलली: फोन, पत्रं, मतदार-नोंदणी आणि हो, देणग्यासुद्धा. मे २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. रॉय ग्वेरेरो यांनी संसदेच्या समितीपुढे जाऊन, त्या दिवशी दवाखान्यात काय पाहिलं ते सांगितलं. इथे डॉक्टर तुम्ही आहात आणि देश पेशंट आहे, अशा अर्थाचं ते खासदारांना म्हणाले. त्याच जून महिन्यात, जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी संमत झाला. डिकींचं वाक्य मात्र अंदाजपत्रकात अजून आहे.

आजी, तुमची मुलगी तिथली नागरिक आहे, तिला हे वाचायला द्या. तिथे खासदाराच्या ऑफिसात फोन केला की मदतनीस पत्ता किंवा झिपकोड विचारतो, विषय आणि बाजू लिहून घेतो आणि त्याची मोजणी साहेबांपुढे जाते. दुसऱ्याच्या मतदारसंघात केलेला फोन सहसा हिशेबात धरत नाहीत. छापील मजकुराच्या शंभर ईमेलपेक्षा स्वतःच्या शब्दांतल्या चार ओळी चांगल्या, 'माझी मुलगी दुसरीत आहे' इथून सुरू होणाऱ्या. देणगी फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच देता येते. व्हिजिटर व्हिसावर गेलेल्या आजोबांनी उत्साहाच्या भरात ऑनलाइन दहा डॉलरही देऊ नयेत, ते बेकायदेशीर ठरतं.

आणि नात मैत्रिणीकडे खेळायला जाणार असेल, तर शेंगदाण्याची ॲलर्जी, कुत्रा, स्विमिंग पूल यांबरोबर आणखी एक प्रश्न आधी फोनवर विचारायला सांगा: घरात बंदूक आहे का, आणि असली तर रिकामी करून कुलपात आहे का? तिथले बालरोगतज्ज्ञच आईबापांना हे विचारायला सांगतात. सुरुवातीला अवघड वाटेल.

गोळ्या मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या नको.