युद्धनौकेचे स्वसंरक्षण (शांतताकाळातील)

युद्ध पुकारलेले नसताना हल्ला झाल्यास युद्धनौकेने बळ वापरण्याचा अधिकार. नौकेला तो राज्याकडून मिळतो; त्यामुळे युद्धनौका कशाला म्हणावे, हा प्रश्न आधी येतो. १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या कलम २९ नुसार ती राज्याच्या सशस्त्र दलाची असावी, बाहेरून तशी ओळखचिन्हे असावीत, प्रमुख सरकारने नेमलेला असावा आणि खलाशी लष्करी शिस्तीतले असावेत. जुने उदाहरण मराठा आरमाराचे आहे: १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्र्यांना छत्रपती शाहूंच्या पक्षात आणले आणि साताऱ्याच्या गादीने त्यांची सरखेली (आरमारप्रमुखपद) मान्य केली. मुंबईचे इंग्रज तरीही त्यांना चाचाच म्हणत. आजची कसोटी लावली, तर सातारच्या मान्यतेपुढे तो शब्द टिकणे कठीण आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाच्या वापरास मनाई करते. कलम ५१ सशस्त्र हल्ल्यापुरता अपवाद ठेवते. त्यातही निकड हवी आणि उत्तर हल्ल्याच्या प्रमाणात हवे. एकाच युद्धनौकेला सुरुंगाने झालेली इजाही या अपवादास पुरेशी ठरू शकेल, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००३ मध्ये इराण-अमेरिका खटल्यात नाकारले नाही. मात्र सुरुंग इराणचाच होता हे सिद्ध न झाल्याने अमेरिकेचा स्वसंरक्षणाचा बचाव फसला.

चाच्यांना पकडण्याचा आधार वेगळा आहे (सागरी कायदा करार, कलम १०५ व १०७). पण गोळीबार होताच स्वसंरक्षणाचा प्रश्न तिथेही येतो. १८ नोव्हेंबर २००८ रोजी एडनच्या आखातात भारतीय नौदलाच्या ‘तबर’ने तपासणीसाठी थांबण्यास सांगितलेल्या नौकेवरून गोळ्या आल्या; ‘तबर’च्या उत्तराने ती बुडाली. ती चाच्यांनी बळकावलेली थायलंडची मच्छीमार नौका होती आणि तिच्यावर मूळचे खलाशी होते, असे मागाहून कळले. नौदलाने स्वसंरक्षणाची भूमिका सोडली नाही. कायद्याच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे. ओलिसांच्या जिवाचा हिशेब मात्र त्या सूत्रात बसत नाही.

मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या अपहृत मालवाहू जहाजावरून गोळीबार झाला, तेव्हा भारतीय नौदलाच्या ‘कोलकाता’ने त्याची सुकाणू-यंत्रणा निकामी केली. सुमारे ४० तासांनी ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. २३ मार्चला चाच्यांना मुंबईत पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. अशा चाच्यांवर खटला चालवता यावा म्हणून त्याआधीच, २०२२ मध्ये, भारतात सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संमत झाला होता.