चाकरमानी आणि गावाची वेस

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत प्लेगचे निदान झाले आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसांनी शहर सोडले. गिरणी कामगारांनी कोकणातले, घाटावरचे आपापले गाव गाठले. त्याच साथीतून १८९७चा साथरोग कायदा जन्मला. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र शासनाने कोरोनासाठी तोच कायदा लागू केला. कायदा जुनाच होता. गावाची वाट मात्र पूर्वीसारखी मोकळी राहिली नव्हती.

‘अंतर राखा’ हा आदेश घरात स्वतंत्र खोली आहे असे गृहीत धरत होता. धारावीतल्या एका खोलीत, सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत तो पाळणार कसा? गावात अंतर होते, पण सुसज्ज रुग्णालयही तितकेच दूर होते. म्हणूनच वेशीवर काट्या टाकणाऱ्या गावांना केवळ निर्दय ठरवता येत नाही. त्या भीतीला कारण होते. तरीही ज्याच्या मनीऑर्डरींवर घर उभे राहिले, त्या चाकरमान्याला आधी गावच्या शाळेत विलगीकरणात राहावे लागले. ऑगस्ट २०२०मध्ये गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्यांवर दहा दिवसांचे विलगीकरण आले. २०२१च्या दुसऱ्या लाटेत रोग गावोगावी पोहोचलाच.

ह्या साथीचा इतिहास ‘शहरी’ आणि ‘ग्रामीण’ अशा दोन रकान्यांत लिहिला, तर दोन्हीकडचा असूनही दोन्हीकडे परका ठरलेला हा माणूस त्यातून निसटून जाईल.