काढलेले बटण परत का आले?

खिशात मावणाऱ्या डिजिटल संगीतयंत्राचा इतिहास बहुधा साठवणुकीच्या आकड्यांत सांगितला जातो. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या डायमंड रिओ पीएमपी३०० मध्ये ३२ एमबी, म्हणजे जेमतेम एका अल्बमची जागा होती. २००१ च्या पहिल्या आयपॉडमध्ये तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क बसली आणि ५ जीबीत हजार गाणी मावू लागली. हिशेब खरा आहे, पण तो पुढच्या दशकाला लागू पडत नाही. २००५ च्या सप्टेंबरात ॲपलने आयपॉड नॅनो आणला, तेव्हा २४९ डॉलरला मिळणाऱ्या आयपॉड मिनीत ६ जीबी जागा होती आणि त्याच किमतीच्या नॅनोत ४ जीबी. जागा घटली, तरी चांगला खपणारा मिनी त्याच दिवशी बंद झाला. आत फिरणारी डिस्क जाऊन फ्लॅश मेमरी आली होती, जाडी ६.९ मिलिमीटरवर उतरली होती, आणि अंगठ्याने फिरवायचे चक्र मात्र जागच्या जागी होते. त्यामुळे या यंत्रांची तुलना करताना किती मावते यापेक्षा काय काढून टाकले आणि ते काढलेले टिकले का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

ही कसोटी लावायला आयपॉड शफलइतके चांगले उदाहरण नाही. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या पहिल्या शफलला पडदाच नव्हता. च्युइंगमच्या पाकिटाएवढी पांढरी पट्टी, वजन २२ ग्रॅम, पुढे गोल बटणे, मागे एक सरकपट्टी: बंद, क्रमाने, की कसेही. खाली टोपण काढले की यूएसबीचा प्लग. १ जीबीच्या नमुन्यात साधारण २४० गाणी मावत, आणि एवढ्या गाण्यांत शोधाशोध करण्यापेक्षा नको असलेले गाणे पुढे ढकलणे सोपे होते. यादी घरच्या संगणकावर ठरायची, म्हणून पडद्याचे काम आधीच उरकलेले असे. २००६ मध्ये यंत्र चिमट्यासारखे झाले, वजन १५.६ ग्रॅमवर आले आणि ते सदऱ्याच्या काठाला अडकवता येऊ लागले. इथवर प्रत्येक वजाबाकी पचली.

मार्च २००९ मध्ये ती पचली नाही. तिसऱ्या शफलच्या अंगावरची बटणे नाहीशी झाली. उरली वरची एक सरकपट्टी. बाकीचा कारभार इअरफोनच्या उजव्या तारेवर गेला. मधले बटण एकदा दाबले की गाणे थांबे, दोनदा दाबले की पुढचे, तीनदा दाबले की मागचे, आणि दाबून धरले की यंत्र गाण्याचे नाव बोलून सांगे. वजन १०.७ ग्रॅम झाले, जागा ४ जीबी. पण साधा इअरफोन जोडला की आवाज कमी-जास्त करण्याचीही सोय उरत नसे. दीड वर्षात, सप्टेंबर २०१० मध्ये, गोल बटणे परत आली आणि वजन १२.५ ग्रॅमवर गेले. मोठेपणाच्या त्या दोन ग्रॅममध्ये एक कबुली होती: पाहिल्याशिवाय ऐकता येते, पण चाचपायला काही नसेल तर यंत्र हातात असून हातचे राहत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. तारेवरचे बटण पुढे फोनच्या इअरफोनमध्ये सर्रास रुळले, दोनदा-तीनदा दाबण्याची ती खूण आजच्या बिनतारी इअरफोनांतही आहे, मग २००९ ची कल्पना फसली कशी म्हणायची? कल्पना फसली नाही, तिला एकटे सोडणे फसले. फोनवर तारेचे बटण ही आडवाट असते. ते बिघडले तरी हातात पडदा असतो. शफलमध्ये आडवाटच हमरस्ता झाली होती. म्हणूनच २०१० च्या नमुन्याने बोलून सांगण्याची सोय ठेवली, त्यासाठी वेगळे बटणही दिले. सोडला तो फक्त तारेवरचा सक्तीचा भार. नॅनोच्या बाबतीतही तेच दिसते. २०१० च्या चौकोनी नॅनोत चक्र जाऊन स्पर्शपडदा आला, आणि गाणे थांबवण्याचे स्वतंत्र बटण उरले नाही. २०१२ च्या नॅनोत ते आवाजाच्या दोन बटणांच्या मधोमध बसून परतले.

दुसरा आक्षेप असा की फोनने हे सारे गिळले, तेव्हा बटणांची ही चिकित्सा कशाला? पण आयफोन २००७ चा, आणि शफल व नॅनो विक्रीतून उठले जुलै २०१७ मध्ये. फोन शेजारी असताना ती दहा वर्षे टिकली. शफलची शेवटची सात वर्षे तर मुळात एकाच आकारात गेली, आणि तो आकार बटणे परत आणणाऱ्या नमुन्याचा होता. रंग बदलत गेले. अंगठ्याखालची गोल चकती कोणी पुन्हा हलवली नाही.