'सापडत नाही' आणि 'नाहीच'

पोस्टमन एखादे पत्र परत आणतो तेव्हा त्यावर शेरा मारलेला असतो. 'दार बंद' हा शेरा आणि 'या नावाचे कोणी येथे राहत नाही' हा शेरा, यांत मोठा फरक आहे. पहिल्यात उद्या पुन्हा जाऊन पाहायला वाव असतो, दुसऱ्यात नसतो. हा फरक संगणकांच्या जगात पक्का व्हायला जवळजवळ अठरा वर्षे लागली. त्या अठरा वर्षांची ही हकिकत.

१९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट हे जाळे सुरू झाले, तेव्हा त्यावर चारच ठिकाणे होती. चार घरांच्या वाडीत कोणी पत्ता विचारत नाही. १९७१ मध्ये बीबीएन या कंपनीतील रे टॉमलिन्सन यांनी शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पीडीपी-१० मेनफ्रेम संगणकांमध्ये, अर्पानेटच्या मार्गाने, संदेश पाठवला. पत्त्यासाठी त्यांनी '@' हे चिन्ह निवडले. चिन्हाच्या डावीकडे माणसाचे नाव, उजवीकडे यंत्राचे.

पण जाळ्याला नावे कळत नाहीत, अंक कळतात. नावावरून अंक शोधायला यादी हवी. सुरुवातीला प्रत्येक ठिकाणी आपापली यादी असे आणि एकाच यंत्राला दोन ठिकाणी दोन नावे असत. सप्टेंबर १९७१ मध्ये पेगी कार्प यांनी सर्वांसाठी एकच नावे सुचवणारे टिपण काढले. तरी याद्या वेगवेगळ्याच राहिल्या. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी लिहिले की प्रत्येकाने स्वतंत्र आणि बहुधा शिळी यादी बाळगावी, ही परिस्थिती हास्यास्पद आहे. त्यानंतर मूळ यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या माहिती केंद्राकडे आली. 'होस्ट्स' नावाची ही साधी मजकुराची फाइल एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. नवे यंत्र आले की केंद्राला कळवायचे, केंद्र आठवड्यातून एकदोनदा यादी सुधारणार आणि बाकीच्यांनी ती उतरवून घ्यायची.

यंत्रे शेकड्यांत गेली तशा तीन अडचणी उभ्या राहिल्या. प्रत्येक जण पूर्ण यादी उतरवू लागल्याने केंद्रावर भार पडला. यादी सर्वत्र पोहोचेपर्यंत कुठेतरी काही बदललेले असे. आणि केंद्र अंक वाटून देत असले तरी नाव ठेवण्यावर त्याचा अधिकार चालत नसे. टपालाचे मोठे काम करणाऱ्या यंत्राचे नाव दुसऱ्या कोणी आपल्या यंत्राला दिले, तर पत्रे भलतीकडे जाण्याचा धोका होता. या सगळ्याचा फटका टपालाला सर्वांत आधी बसे. ज्याची यादी जुनी, त्याचा संगणक नव्या यंत्राला पाठवलेले पत्र 'असे यंत्र नाही' म्हणून परत करी. यंत्र तर व्यवस्थित चालू असे! यादीत नसणे आणि जगात नसणे, या दोन गोष्टींची अशी गल्लत होत होती.

जानेवारी १९८२ मध्ये या विषयावर बैठक झाली ती टपालाचे काम करणाऱ्यांचीच. यंत्राच्या नावापुढे क्षेत्राचे नाव जोडावे, असे तिथे ठरले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी, जॉन पोस्टेल यांच्या सांगण्यावरून, या कल्पनेला पूर्ण रूप दिले. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांची दोन टिपणे प्रसिद्ध झाली. तीच आजची डीएनएस, म्हणजे क्षेत्रनाम पद्धत. तिचा पहिला कार्यक्रम मॉकापेट्रिस यांनी टॉप्स-२० प्रणालीच्या मेनफ्रेमसाठी लिहिला.

कल्पना शाळेतलीच आहे. पाहुण्याने एखाद्या मुलीची चौकशी केली, तर मुख्याध्यापक सगळ्या शाळेचा हजेरीपट पाठ म्हणून दाखवत नाहीत. 'सातवी ब च्या बाईंना विचारा,' असे सांगतात. बाईंच्या पटावर बाईंचाच अधिकार. डीएनएसमध्ये मूळ सर्व्हर क्षेत्राकडे बोट दाखवतो, क्षेत्राचा सर्व्हर संस्थेकडे आणि संस्थेचा सर्व्हर उत्तर देतो. मिळालेले उत्तर किती वेळ जपून ठेवायचे, हेही उत्तरासोबतच सांगितलेले असते. जानेवारी १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी 'या नावाचे टपाल कोण स्वीकारतो' हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदीचे नियम मांडले. त्यामुळे स्वतः जाळ्यावर नसलेल्या संस्थेलाही पत्ता मिळाला. तिची पत्रे दुसरे यंत्र घेऊन ठेवू लागले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नव्या पद्धतीत चौकशीला दोन प्रकारे नकार मिळू शकतो. अधिकार असलेला सर्व्हर 'हे नाव अस्तित्वात नाही' असे ठामपणे सांगतो, किंवा कोणाकडूनच उत्तर येत नाही. टपालाच्या ऑगस्ट १९८२ च्या नियमांतही ४ ने सुरू होणारे उत्तर तात्पुरत्या नकाराचे आणि ५ ने सुरू होणारे कायमच्या नकाराचे, अशी विभागणी होती. ऑक्टोबर १९८९ च्या नियमावलीने टपाल कार्यक्रमांना बजावले की प्रयत्न फसला तर निदान अर्ध्या तासाने पुन्हा करावा आणि चार-पाच दिवस तरी हार मानू नये.

मेनफ्रेमवर मात्र जुनी यादी सहजासहजी गेली नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर 'होस्ट्स.लोकल' ही यादी जुन्या फाइलच्याच साच्यात लिहिली जाई आणि 'मेकसाइट' हा कार्यक्रम तिच्यावरून यंत्राच्या सोयीची कोष्टके तयार करी. यादी दुरुस्त केली पण मेकसाइट चालवायचे राहिले, तर संगणक जुनेच उत्तर देत राही. म्हणून पत्र परत आले की पायरीपायरीने शोध घ्यावा लागतो. अंकांचा पत्ता देऊन समोरचे यंत्र मिळते का? मिळत असेल तर जाळे ठीक आहे, दोष नावात आहे. उत्तर स्थानिक कोष्टकातून आले की नेम सर्व्हरकडून? सर्व्हर 'नाही' म्हणाला, की बोललाच नाही? प्रत्येक प्रश्नाने शक्यतांचा एक भाग गळतो.

या कहाणीत मुंबईलाही जागा आहे. 'डॉट इन' हे भारताचे क्षेत्र ८ मे १९८९ रोजी नोंदले गेले आणि त्याचा पट जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे होता. पुढे २००५ पासून तो निक्सी या संस्थेकडे गेला. भारतातल्या नावाची नोंद करायला परदेशातील केंद्राकडे जावे लागले नाही, ते पट वाटून देण्याच्या या कल्पनेमुळेच.

वर्गात हा खेळ सहज करता येईल. एका मुलाकडे जुनी यादी द्या, दुसऱ्याला ताजी द्या आणि तिसऱ्याला गप्प बसायला सांगा. मग चिठ्ठी पोहोचवायला लावा. मुलांना लवकरच कळेल की 'मला माहीत नाही' आणि 'तसे काही नाही' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. प्रयोगशाळेत आम्हीही ही चूक करतो. उपकरणाला जे दिसले नाही ते नाहीच, असे मानून मोकळे होतो. अशा वेळी उत्तर कोणी दिले आणि त्याच्याजवळची यादी केव्हाची होती, एवढे विचारायला हवे.