छपराला भोक

मागच्या शनिवारी अकोल्याहून मामाचा फोन. गाडी बुक करायची होती. "पोट्टे आयकतच नाहीत बाप्पा. सनरूफ पाह्यजेच म्हन्तात. अकोल्यात सनरूफ काहून पाह्यजे रे?"

प्रश्न अगदी रास्त! 2019 च्या एप्रिलमध्ये अकोल्याचा पारा 47 च्या वर गेला होता. पण ही वस्तू काढली ती उन्हाचा दुष्काळ असलेल्या लोकांनी. म्युनिकजवळच्या श्टॉकडॉर्फची वेबास्टो कंपनी (संस्थापक विल्हेल्म बायर आणि गावाचं नाव यांची अक्षरं जोडून केलेलं नाव) 1930 च्या दशकात गाड्यांना कापडी घडीची छतं बसवत होती. अमेरिकेत 1937 साली नॅशने सरकतं छत दिलं. बीटलला आधी कापडी छत मिळायचं, 1960 च्या दशकात हँडल फिरवून उघडायचं पत्र्याचं आलं. म्हणजे काच नव्हतीच! बंद केलं की छप्पर ते छप्परच. 1965 मध्ये हाइन्झ प्रेख्टर या जर्मन तरुणाने अमेरिकेत गाड्यांना सनरूफ बसवून द्यायचा धंदा काढला, तो फार मोठा झाला. काचेचं राज्य नंतरचं.

आपल्याकडे हा बराच काळ श्रीमंती थाट होता. 2020 मध्ये नेक्सॉनचं सनरूफवालं मॉडेल नऊ लाखांच्या आत आलं, 2023 मध्ये छोट्या एक्स्टरलाही सनरूफ मिळालं. मग पोट्टे कशाला ऐकतील?

काही काचा फक्त मागून उचलल्या जातात, काही टपावरून मागे सरकतात, तर काही टप आणि आतलं अस्तर यांच्यामधे शिरतात. पॅनोरमिक म्हणजे जवळजवळ अख्खं छत काचेचं. मोटर काचेला थेट ढकलत नाही. दोन्ही बाजूंच्या दातेरी केबल एक गिअर ओढतो-ढकलतो.

आता खरी गंमत. सनरूफ पूर्ण वॉटरप्रूफ नसतंच, तसं ते बनवलेलंच नसतं. रबराच्या कडेतून थोडं पाणी आत येणार हे धरूनच खाली पन्हाळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. उन्हाळाभर गाडी कडुनिंबाखाली उभी, वर वऱ्हाडातली धूळ. नळ्या तुंबल्या की पहिल्याच दणदणीत पावसात पाणी सीटवर. लोक म्हणतात रबर गेलं. बहुतेक वेळा रबर ठीक असतं, नळी तुंबलेली असते.

आणि आतला पडदा ओढला तरी काचेतून आलेली उष्णता आतच राहते. (चालत्या गाडीत पोरांना वर उभं करणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. एक करकचून ब्रेक पुरे.)

हे सगळं सांगितल्यावर मामा म्हणाला, "म्हंजे आपल्या धाब्याच्या घरातलं सानं! बाबा दर पावसाळ्याआधी वर चढून पाहत."

बुकिंग सनरूफचंच झालं. मृगाआधी नळ्या कोण साफ करणार, यावर पोट्ट्यांची अजून भांडणं चालू आहेत.