दम्यातला हरवलेला ‘ह’

नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आहे आणि अर्धे गुजरातेत. सुरत-भुसावळ मार्गावरच्या त्या फलाटावर चार पावले टाकली की राज्य बदलते, आणि लोहाराच्या भट्टीपुढची वस्तूही नाव बदलते: इकडे भाता, तिकडे धमण. भात्याची कुळी सरळ आहे. संस्कृत ‘भस्त्रा’ म्हणजे चामड्याची पिशवी. तिचा भाता झाला, विषय संपला. धमण निघाली ‘ध्मा’ या धातूतून, ज्याचा अर्थ फुंकणे, आणि तिच्या मागे लागले की वाट लोहारशाळेतून निघून छातीच्या डॉक्टरांच्या खोलीत जाते. माझे म्हणणे असे की आपण ज्याला दमा म्हणतो तो शब्द या धमणीचाच भाऊबंद आहे. इराणात वाढला, ‘ह’ गमावून बसला आणि फारसी पेहरावात घरी आला.

फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास, आणि ‘दमीदन’ म्हणजे फुंकणे. त्यातूनच ‘दमह’ हा शब्द झाला, आणि जुन्या फारसी कोशांत त्याचे दोन अर्थ शेजारी-शेजारी बसलेले दिसतात: लोहाराचा भाता, आणि धाप लागण्याचा आजार. एकाच शब्दात रोगही आणि अवजारही! आता ध्वनींचा हिशेब पाहा. संस्कृतात जिथे घ, ध, भ असे ‘ह’ मिसळलेले महाप्राण असतात तिथे इराणी भाषा तो ‘ह’ टाकून देतात: भ्रातृचा बिरादर, घर्मचा गर्म, बंधचा बंद. हे तिन्ही शब्द मराठीने पुन्हा उचलले, म्हणून आपल्याकडे भ्राता आणि बिरादरी, बंधन आणि बंदोबस्त अशा जोड्या सुखाने नांदतात. धम आणि दम ही त्यातलीच जोडी. गुजरातीत तर पुरावा एकाच घरात सापडतो: भात्याला धमण, आजाराला दम. शब्द मूळचा घरचाच असता तर एकाचा ‘ध’ टिकून दुसऱ्याचा गेला कसा?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: दमा हा ‘दमणे’ या आपल्या क्रियापदाचा मुलगा, आणि दमणे आले संस्कृत ‘दम्’मधून, म्हणजे वठणीवर आणण्यातून. औताला अजून न जुंपलेल्या गोऱ्ह्याला संस्कृतात ‘दम्य’ म्हणतात. गोऱ्हा जुंपला की धापा टाकतो, तसा माणूस दमतो. चित्र मोठे गोड आहे आणि दमण्यापुरते ते खरेही असू शकेल, पण दम्याला ते लागू पडत नाही. दम्याचा शेवटचा ‘आ’ पाहा. पर्दहचा पडदा, चेहरहचा चेहरा, नमूनहचा नमुना. फारसी शेपटीचा मुका ‘ह’ मराठीत आला की ‘आ’ होऊन बसतो. दमहचा दमा त्याच साच्यात तंतोतंत बसतो, आणि हिंदी-उर्दूतही तो याच रूपात आहे. एकदम, हरदम, बेदम ही बाकीची भावंडेही सरळ फारसीच. तिथे कोणी गोऱ्ह्याला बोलवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कसदार आहे: मराठीही महाप्राण गाळतेच की, मग ‘धम’चा ‘दम’ इथेच का होऊ नये? गाळते, पण शब्दाच्या पोटात किंवा शेवटी. प्राकृत हत्थचा हात झाला, संझाची सांज झाली. आरंभीचा महाप्राण ती सहसा हातचा सोडत नाही: धूर, धार, धान्य, धुणे. बहीण हा अपवाद म्हणून पुढे केला जातो, पण भगिनीची बहीण होताना ‘भ’मधला ‘ह’ घराबाहेर गेला नाही, पुढच्या खोलीत सरकला एवढेच. दम्यात तो कुठल्याच खोलीत नाही. फारसी लिपीत शेवटी ‘ह’ लिहितात हे खरे, पण तो केवळ दाखवायचा.

शब्द आला कुठून, तर बऱ्हाणपूर-नंदुरबार-सुरत या व्यापारी वाटेने, हा माझा अंदाज. खानदेशावर 1382 ते 1601 फारुकींचे राज्य होते, त्यानंतर मोगल आले. ऐन-ए-अकबरीत नंदुरबारची नोंद ‘सरकार’ म्हणजे मोगली जिल्हा म्हणून आहे. कचेरीची भाषा फारसी, औषध हकिमाचे. पुढे शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पण त्याचा रोख राज्यकारभारावर होता. दुखण्यांची नावे बदलण्याच्या भानगडीत कोण पडतो?

त्यातही गंमत अशी की भात्याची उपमा फारसीची मक्तेदारी नव्हती. ऋग्वेदात ब्रह्मणस्पती लोहारासारखा फुंकून सृष्टी घडवतो. ‘धमनी’ म्हणजे आधी फुंकणी, मग रक्तवाहिनी. ग्रीकांनीही ‘आर्तेरिया’ हा शब्द आधी श्वासनळीला लावला आणि मग रक्तवाहिनीला. पोट फुगण्याला आयुर्वेद ‘आध्मान’ म्हणतो, तेही याच कुळातले. आणि चरकाने तमक श्वासाचे जे वर्णन केले आहे (छातीत घुरघुर, आडवे झाले की वाढते, उठून बसले की बरे वाटते) ते आजही कुठल्याही दवाखान्यात ओळखू येईल.

उपमा शोभेची नाही, हे भाता नीट पाहिला की कळते. पिशवी वर ओढली की झडप उघडते आणि हवा आत येते. दाबली की झडप मिटते आणि हवा नळीतून निखाऱ्यांवर जाते. नळीचे तोंड राखेने चोंदले तर हवा येते, पण जायला मागत नाही. दमा नेमका हाच: नळ्या आवळतात, श्वास सोडताना घरघर होते. फुंकून मोजायच्या यंत्रात, स्पायरोमीटरमध्ये, एकूण फुंकरीपैकी पहिल्या सेकंदात 70 टक्क्यांहून कमी हवा बाहेर आली तर नळी अरुंद आहे असे धरतात. औषध हुंगून पंधरा मिनिटांनी आकडा चांगला वाढला तर कल दम्याकडे. वाढला नाही तर चुलीच्या किंवा विडीच्या धुराने कायमचे बसलेले काजळ समजावे.

पण भाता इतरही तऱ्हांनी बिघडतो, आणि इथे मला या शब्दाविरुद्ध बोलावे लागते. कातडेच ताठर होते: नर्मदेपलीकडच्या अलिराजपूर-झाबुआकडून गोध्र्याच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेलेल्या आदिवासी मजुरांना सिलिकोसिस झाला, तो हा प्रकार. पिशवीबाहेर पाणी साचते: फुप्फुसावरच्या आवरणात, आपल्याकडे बऱ्याचदा क्षयामुळे. डाव्या हाताचे मधले बोट बरगड्यांमध्ये सपाट ठेवून त्यावर उजव्या बोटाने ठोकले तर निरोगी छाती ढोलासारखी पोकळ वाजते, पाण्यावर मात्र मांडीवर ठोकल्यासारखी थद्द. छाती ठोकून पाहण्याची मूळ युक्ती ऑस्ट्रियाच्या आवेनब्रुगरने 1761 साली छापली, तो मात्र मध्ये बोट न ठेवता थेट छातीवरच ठोकत असे. आणि कधी बिघाड भात्याचा नसतोच: सातपुड्यात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून फुप्फुसातल्या बारीक वाहिन्या तुंबवतात, छातीत दुखते, धाप लागते. ‘दमह’ने अवजाराकडे बोट दाखवले, बिघाड कुठे आहे ते सांगितले नाही. म्हणून धापेचा प्रत्येक रोगी गावात ‘दमेकरी’ ठरतो आणि गोळ्यांवर महिने काढतो.

तेव्हा घरात कोणाला दमा आहे असे म्हटले जात असेल, तर एकदा फुंकर मोजून घ्या. आणि खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर आधी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात.